बारा नंबरचा पाचवा फाऊल

कोल्हापूरला मी यापूर्वी चार वेळा गेलो होतो, आणि चारही वेळा ते शहर बास्केटबॉलच्या मैदानाकडेला मांडलेल्या एका टेबलामागून पाहिले होते. नाशिकमधल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सुट्ट्यांच्या दिवसांत टेबल ऑफिशियल म्हणून काम करतो, म्हणजे सामन्याचे स्कोअरशीट लिहितो. अशा माणसाचा प्रवास बसस्थानक, मैदान, लॉज आणि पुन्हा बसस्थानक एवढाच असतो. या दिवाळीच्या सुट्टीत मी पाचव्यांदा गेलो. या वेळी सामना नव्हता आणि कोणाचे बोलावणेही नव्हते. तीन दिवसांत तिथे जे घडले ते मला अजून नीट उलगडलेले नाही. लिहिताना तरी उलगडेल, अशा आशेने हे लिहीत आहे.

जाण्याचे कारण आधी सांगायला हवे. तेरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात मुलींच्या कुमारी गटाच्या आंतरजिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना होता. यजमान संघात बारा नंबरची एक उंच मुलगी खेळत होती. तिचे नाव सुनैना. वडील बिहारमधून इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करायला आलेले. चौथे सत्र सुरू होताना स्कोअरशीट लिहिणाऱ्याला पेन बदलावे लागते. तिसऱ्या सत्राच्या नोंदी लाल शाईत, चौथ्याच्या निळ्या. मी निळ्या पेनाचे टोपण काढत होतो तेवढ्यात शिट्टी वाजली. फाऊल करणाऱ्या खेळाडूचा नंबर पंच हातांनी दाखवतात. एक मूठ म्हणजे दहा, दुसऱ्या हाताची बोटे म्हणजे त्यावरचा आकडा. मूठ मला दिसली. बोटे दिसली की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. शेजारी घड्याळ सांभाळणारे सहकारी म्हणाले, "ती बिहारी ना?" आणि मी बारा नंबरच्या ओळीत फाऊल लिहिला. तो तिचा पाचवा ठरला. पाच फाऊल झाले की खेळाडू सामन्याबाहेर जातो आणि त्याबाबतीत टेबलावरचा कागद शेवटचा मानतात. कोल्हापूरचा संघ तेव्हा सहा गुणांनी पुढे होता. तो तीन गुणांनी हरला. राज्य शिबिराच्या संभाव्य यादीत सुनैनाचे नाव आले नाही.

महिन्याभराने आयोजकांनी सामन्याचे चित्रीकरण पाठवले. स्कोअरशीटची प्रत शेजारी ठेवून मी ते पाहिले. पंचांनी मुठीसोबत एकच बोट दाखवले होते. फाऊल अकरा नंबरचा होता. शिबिराची अंतिम यादी अजून पक्की व्हायची होती. माझे एक पत्र पुरले असते. पण पंधरा दिवसांनी माझी वरच्या श्रेणीची परीक्षा होती, आणि स्वतःची एवढी मोठी चूक लेखी कळवणाऱ्याला वरची श्रेणी कोण देईल, असा विचार करून मी ते पत्र लिहिले नाही. परीक्षा उत्तीर्ण झालो. आज नव्या टेबल ऑफिशियल्सना मीच शिकवतो.

सुनैना पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. परदेशातल्या लीगमध्ये दोन हंगाम खेळली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती घरी विश्रांती घेत आहे आणि लवकरच नव्या करारावर पुन्हा परदेशी जाणार आहे, असे मी वर्तमानपत्रात वाचले. नंबर मिळवून फोन केला आणि म्हणालो, "मी नाशिकचा टेबल ऑफिशियल. आपल्याला भेटायचे आहे. काम समक्ष सांगेन." ती म्हणाली, "या की सर." तिने मला काही विचारले नाही, याचेच मला दडपण आले.

पहिला दिवस : कोल्हापूर

स्टँडजवळच्या लॉजच्या मालकीणबाईंनी चावी दिली आणि "मी जरा भाजी घेऊन आलो" असे सांगून त्या निघून गेल्या. इथल्या बायका आणि मुली स्वतःविषयी बोलताना "आलो", "गेलो", "बोललो" असेच म्हणतात. नाशिकचा माणूस पहिल्यांदा मागे वळून पाहतो. मीही पाहिले.

मिसळीच्या बाबतीत मी नाशिकचा अभिमान मनात ठेवून गेलो होतो. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड येतो, दही येते, कोणी जिलेबीही ठेवतो. जेवणाऱ्याला थोडी सवड मिळते. इथे ताटलीत मिसळ आली, सोबत पावाऐवजी ब्रेडचे काप आले, आणि मी नको म्हणेपर्यंत वाढप्याने लालभडक कट वर ओतलाही होता.

"थोडी कमी तिखट मिळेल का?" मी विचारले.

"कमी तिखट पायजे तर शिरा सांगा की, पावणं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, हसूही नव्हते. मी मुकाट्याने खाल्ले. डोळ्यांत पाणी आले तेव्हा पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनी आपल्या पुढ्यातला ब्रेड माझ्याकडे सरकवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पहिल्यांदा हुतंय तसं."

दुपारी मी ते मैदान पाहायला गेलो. टेबल नेमके कुठे होते ते पाहावे, तिथून पंच किती अंतरावर उभे होते ते मोजावे, म्हणजे बोटे दिसणे शक्य होते की नव्हते हे ठरेल, असा माझा हेतू होता. पण मैदानाला आता निळा-हिरवा नवा थर चढला आहे. पूर्वीच्या पायऱ्या पाडून शेड बांधली आहे. बास्केट पूर्वी पूर्व-पश्चिम होत्या असे माझ्या मनात पक्के होते. त्या दक्षिणोत्तर निघाल्या. मी दोन्ही बाजूंना पावले मोजत फिरलो. रखवालदार बराच वेळ पाहत होता. शेवटी जवळ आला.

"काय हुडकताय?"

"इथे पूर्वी एक टेबल असायचे."

"टेबल आत हापिसात हाय. काय लिवायचंय काय?"

मी म्हणालो, काही नाही. त्याला ते पटले नाही. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो माझ्यामागून चालत आला. ज्या जागेच्या आठवणीवर मी तेरा वर्षे स्वतःची उलटतपासणी घेत आलो होतो, ती जागाच मला दाखवता येत नव्हती. मग बाकीचे जे मला आठवते ते तरी खरे कशावरून, हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारला आणि लगेच टाळला.

दुसरा दिवस : कबनूर

इचलकरंजीला लागूनच कबनूर. चौकात उतरलो तेव्हा आधी कानांना गाव कळले. प्रत्येक गल्लीतून यंत्रमागांची खडखड येते आणि लोक त्या आवाजावरून आवाज चढवून बोलतात. भांडण चालले आहे असे वाटावे आणि जवळ गेल्यावर कळावे की कोणी कोणाला चहाला बोलावत आहे. आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही यंत्रे आहेत, पण ती भिंतीपलीकडे असतात. इथे भिंतीच्या एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला चूल.

सुनैनाचे वडील रामसकल दारातच उभे होते. साठीकडे झुकलेले, किरकोळ बांध्याचे. मुलगी एवढी उंच कोणावर गेली हे मला कळेना. बत्तीस वर्षांपूर्वी ते बिहारमधून इथे आले. मी मनात काही हिंदी वाक्ये जुळवून ठेवली होती. ती बोलायची वेळच आली नाही.

"या, या. नाशिकचं सर न्हवं? बसा की. सुनैना जिमला गेलिया, येईल इतक्यात. आनी पंधरा दिस धावायला डॉक्टरनं बंदी घातलिया, म्हनून सायकल मारतीया बसून."

मी चप्पल काढून पलंगाच्या कडेला बसलो. त्यांनी पाणी दिले आणि थेट मुद्द्यावर आले.

"कार्यक्रम कदी हाय?"

"कोणता कार्यक्रम?"

"बक्षीस समारंभ. प्रमुख पावणी म्हनूनच बोलवायला आलासा न्हवं? ती मानधन बिनधन मागत न्हाय. फकस्त गाडी पाठवा. तिचं पाय बशीत मावत न्हाईत."

मी म्हणालो, "मी बोलवायला आलेलो नाही. वेगळे काम आहे."

"आसंच म्हंत्यात सगळी आधी," ते हसून म्हणाले, आणि आत वळून बायकोला म्हणाले, "आगं, शाल असली तर लाल नको म्हनाव. लाल चार हाईत."

हा गैरसमज कसा दूर करावा ते मला समजेना. खिशात स्कोअरशीटची झेरॉक्स होती. ती आत्ता काढावी, तर आधी या सरळ माणसासमोर सगळे सांगावे लागेल. न काढावी, तर मी एका खोट्या मानाच्या जागेवर बसून त्यांचे जेवण जेवणार. मी ती काढली नाही. माझ्या स्वभावाचा हा भाग मला जुना ओळखीचा आहे.

जेवायला लिट्टी होती. निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, आत सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ. बिहारकडचा पदार्थ म्हणून मी सौम्य चवीची अपेक्षा ठेवून तोडला आणि कालच्या मिसळीची आठवण झाली. सुनैनाच्या आईने आतल्या पिठात कांदा-लसूण चटणी कालवली होती.

"गावाकडं गेलं की तिथली लिट्टी गोड लागतीया आता," रामसकल म्हणाले. "भाऊ म्हंतो, तुमी बिघडलासा. खरं हाय. हिकडं बिहारी, तिकडं मराठी. पोरीचं तर इचारूच नका. गावाकडं हिला मराठीण म्हंत्यात, दक्षिणेत वसतिगृहात होती तिथं बाँबेवाली, परदेशात इंडियन. एका पोरीला किती गावची करायची?"

मग त्यांनी तिची सगळी वाटचाल सांगितली. सांगताना ते बोटांनी मागाचा धागा जुळवल्यासारखी हालचाल करत होते. शिबिराच्या यादीत नाव आले नाही, तेव्हा मुलगी दोन वर्षे शाळा आणि घर एवढ्यातच होती. गावाकडून स्थळे येऊ लागली. उंची ऐकली की परत जायची. "फुटात सांगितलं तर पळून जायची, म्हनून आमी शेंटीमीटरमधी सांगाय लागलो. तरीबी पळाली." मग एका शालेय स्पर्धेत दक्षिणेतल्या क्रीडा वसतिगृहाच्या प्रशिक्षक बाई आल्या आणि म्हणाल्या, ही मुलगी मला द्या. आई चार दिवस जेवली नाही. तिथे सुनैनाने नवी भाषा शिकली, नवे अन्न शिकले; पहाटे चार तास आणि संध्याकाळी तीन तास सराव केला. एका कंपनीच्या संघात नोकरी मिळाली. भारतीय संघाच्या शिबिरात दोनदा नाव आले. मग परदेशी लीग, मग गुडघा.

"तिचा सामना मोबाइलवर दिसतोय. त्या येळंला मी माग बंद ठेवतो. मालक वराडतोय. मी म्हंतो, वराड."

ती दोन वर्षे. ते बोलत राहिले आणि मी तिथेच अडकून पडलो. "यादीत नाव आले नाही" एवढेच ते म्हणाले. का आले नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि बहुधा त्यांना ते माहीतही नव्हते.

सुनैना आली तेव्हा दारातून वाकून आत शिरली. सहा फुटांच्या वर उंची, डाव्या गुडघ्यावर पट्टा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "नमस्कार सर. गच्चीवर बसू. हितं बाबा बोलू देणार न्हाईत."

गच्चीवर खालच्या मागांचा आवाज येत होता, पण बोलता येत होते. तिने विचारले, "बोला. कुठला कार्यक्रम?"

मी सगळे सांगितले. पेनाचे टोपण, मूठ, शेजाऱ्यांचे ते वाक्य, चित्रीकरण, न लिहिलेले पत्र, परीक्षा. मी हे अनेक वर्षे मनात पाठ केले होते, म्हणून ते सरळ सांगता आले. शेवटी झेरॉक्स तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली आणि बारा नंबरच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे चार माझेच. दोन तर उगाच केलेले." मग कागद परत देत म्हणाली, "मला ठाऊक होतं सर."

"काय ठाऊक होते?"

"पाचवा माझा न्हवता ते. खेळणाऱ्याला आपले फाऊल ठाऊक असतात. आन् मी तुम्हाला सांगितलेलं की तवाच."

मला समजले नाही. मी तसे म्हणालो.

"मी टेबलाजवळ आलो होतो. म्हणालो, सर, चारच झाल्यात माझे, परत बघा की एकदा." ती माझ्याकडे पाहत नव्हती, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कापडाकडे पाहत होती. "तुम्ही मान वर केली न्हाईत. हात असा केलात आन् म्हणालासा, जाओ, बैठो."

मी झेरॉक्सची घडी घालू लागलो.

"मी मराठीत बोललो होतो सर," ती म्हणाली.

मी जे घेऊन आलो होतो, ते सगळे त्या एका वाक्याने जुने झाले. माझ्या मनात त्या दिवसाचे जे चित्र होते त्यात ती टेबलाजवळ आलेलीच नव्हती. शिट्टी, मूठ, पेन, नोंद, आणि लगेच बाकावर बसलेली बारा नंबर. मधले काही नाही. चित्रीकरणातही टेबल चौकटीबाहेरच राहिले होते. मी स्वतःला असे समजावत आलो होतो की नोंद ही घाईतली चूक होती आणि नंतरचे मौन हे पाप होते; चुकीचे ओझे पेनावर टाकून पापाचे तेवढे मी उचलले होते. आता ती सांगत होती की चूक दुरुस्त करायची संधी त्याच मिनिटाला माझ्यापुढे उभी राहिली होती, इथल्याच बोलीत बोलली होती, आणि मी तिला परक्या भाषेत हाकलले होते. हे खरे असेल तर मी वेगळाच माणूस आहे. आणि मला ते आठवत नव्हते. न आठवणाऱ्या गोष्टीचा पश्चात्ताप कसा करतात?

"मला हे खरोखर आठवत नाही," मी म्हणालो. "मी नाकारत नाही. पण आठवत नाही."

"मग वैशूला विचारू," ती सहज म्हणाली. "अकरा नंबर. उद्या तिच्याकडंच चाललोय, आजऱ्याला. चला तुम्ही बी. ती बाजूलाच उभी होती."

मी परतताना रामसकलांनी विचारले, तारीख ठरली का. सुनैना म्हणाली, "बाबा, ते त्यासाठी न्हाई आलेले." त्यांनी माझ्याकडे फार काळजीने पाहिले आणि विचारले, "मग जेवन तरी आवडलं न्हवं?"

तिसरा दिवस : आजरा

रामसकलांचे म्हणणे खरे होते. तिचे पाय बसमध्ये मावत नाहीत. ती दोन आसनांच्या बाकावर तिरकी बसून डावा पाय वाटेत लांब ठेवत होती. कागलजवळ पंचतारांकित एमआयडीसीच्या फाट्यावर पाळी सुटलेली होती. डबे घेतलेली माणसे आत शिरली. एका दमात तीन-चार प्रांतांच्या भाषा ऐकू आल्या. कंडक्टर गर्दीतून सरकत आमच्यापर्यंत आला, सुनैनाच्या लांब पायाकडे आणि चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, पैर अंदर लेलो."

"मामा, ऑपरेशन झालंय गुडघ्याचं," ती म्हणाली. "लई येळ वाकवून बसता येत न्हाय. आन् मराठीत बोला की."

"आगं बाई," कंडक्टर ओशाळला. "मला वाटलं भायेरची हाईस. कुठली तू?"

"कबनूरची."

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय," तो म्हणाला आणि उभ्या माणसांना दटावून त्याने तिच्या पायाभोवती जागा केली. तिचा चेहरा शांत होता. तिला याची इतकी सवय होती की तिला राग आला नव्हता. राग मला आला होता, त्या बिचाऱ्या कंडक्टरचा, आणि तो किती सोयीचा राग आहे हे माझ्या लक्षात यायला आजऱ्यापर्यंतचा घाट लागला.

आजऱ्याकडे हवा बदलते. कोल्हापूरच्या उसाची सपाट हिरवळ मागे राहते, चढ लागतो, काजूची झाडे दिसू लागतात. वैशालीच्या घरामागे काजू प्रक्रियेचे छोटे युनिट आहे. ती शेतकरी कुटुंबातली; शाळेसाठी इचलकरंजीत नातेवाइकांकडे राहायची, म्हणून दोघी एकाच शाळेत होत्या; लग्नानंतरही माहेरचे युनिट तीच चालवते. दहा-बारा बायका पाटावर बसून काजूगर निवडत होत्या; अख्खा, पाकळी, तुकडा असे ढीग हातांच्या सवयीने वेगळे पडत होते. तेलकट, खमंग वास कपड्यांना चिकटत होता.

वैशाली बुटकी, जाडसर, हातात मोजे. सुनैनाला तिने कमरेला मिठी मारली, कारण त्याहून वर तिचे हात पोहोचत नव्हते. मग तिने माझ्याकडे पाहिले. सुनैनाने सांगितले, हे कोण.

"टेबलवालं सर?" वैशाली म्हणाली. "आत्ता आलासा व्हय? तेरा वर्षं झाली. टाइम-आउट लई लांबला की सर तुमचा."

निवडणाऱ्या बायकांतल्या दोघी हसल्या. कशाला हसायचे हे त्यांना माहीत नव्हते, पण वैशालीचा सूर त्यांना माहीत होता.

मी विचारायच्या आतच तिने आपली बाजू सांगून टाकली. "फाऊल माझा हुता. शिट्टी वाजल्यावर हात वर करायचा असतोय. मी केला न्हाय. मी म्हणलं, गेला तर गेला. ही सहा म्हैने बोलली न्हाय माझ्याशी. मी शिबिराला गेलो आन् पंधरा दिवसांत परत आलो, घरची आठवण यायची. मग एक दिवस हिच्या आईनं माझ्यासाठी बी डबा दिला. लिट्टी खाल्ली, लई तिखट हुती, दोघीबी रडलो. कशानं ते आजपर्यंत कळलं न्हाय."

"सर विचारतात," सुनैना म्हणाली, "मी टेबलाजवळ गेलो तवा काय झालं."

"काय व्हायचंय? म्हणालं की, जाओ, बैठो." वैशालीने हात झटकून दाखवला. कालच सुनैनाने केली होती तशीच हालचाल. "सगळ्या टीमनं ऐकलं. वर्षभर हिला आमी तेच म्हणत हुतो. डबा खायला बसायचं झालं, की जाओ, बैठो. बस आली, जाओ, बैठो. सर, तुमचं ते वाक्य आमच्या शाळंत लई चाललं."

वैशाली हसली. सुनैनाही हसली, पण वैशालीपेक्षा किंचित उशिरा.

तो उशीर मी पाहिला. माझ्या प्रवासात मी खात्रीने पाहिलेली ती एकच गोष्ट असावी. जे मला आठवत नव्हते ते एका शाळेत वर्षभर खेळीमेळीत म्हटले गेले होते, आणि जिला म्हटले गेले तीही त्यात हसत आली होती. आता नाकारायला काही उरले नव्हते. आठवण मात्र तरीही आली नाही. आजही आलेली नाही.

जेवायला आजऱ्याचा घनसाळ भात होता. तांदूळ बारीक, वास असा की भाताला दुसरे काही लागू नये. त्यावर भिजवलेल्या काजूची आमटी. वैशालीच्या आईने आग्रह करून तीनदा वाढले. नाशिककडे आम्ही पाहुण्याला विचारतो आणि तो नको म्हणाला की थांबतो. इथे नको हा शब्द कोणी ऐकून घेत नाही. मी ताटावर हात धरला तर बोटांमधून भात वाढला गेला.

हात धुऊन आम्ही तिघे मागच्या ओट्यावर बसलो. मी म्हणालो, "सुनैना, मी दोन गोष्टींची क्षमा मागायला आलो होतो. आता तीन झाल्या आहेत. मी चुकीचे लिहिले. मी ते कळूनही दडवले. आणि तू मराठीत बोललीस, तेव्हा मी तुला परकी समजून हाकलले. तिसरे मला आठवत नाही, पण ते मी केले आहे. मला क्षमा कर."

मी तिला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले.

ती बराच वेळ गुडघ्यावरचा पट्टा सैल करत राहिली.

"दे की गं माफी," वैशाली म्हणाली. "पावणं नाशिकवरनं आलंत. मोकळं कसं पाठवायचं?"

"मोकळं नको पाठवू. काजू दे बांधून," सुनैना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता, उलट समजावण्याचा सूर होता. "सर, तुम्ही आलात ते बरं केलंत. दुसरं कुणी आलं नसतं. पण माफी आत्ता न्हाय देता येणार."

"मला समजते," मी म्हणालो.

"न्हाय समजत. मी रागावलो न्हाय तुमच्यावर. ते मला खेळायला लागतंय, एवढंच." ती शब्द शोधत होती. "चौथ्या सत्रात पाय उचलत न्हाईत, सर. वसतिगृहात बी तसंच, परदेशात बी. तवा मला ते आठवतंय. तुमचा तोंडावळा न्हाय आठवत. तो हात आन् ते दोन शब्द. मग पाय उचलतात. दहा-बारा वर्षं त्याच्यावर खेळलो मी. आत्ता तुम्हाला माफ केलं, आन् तिकडं जाऊन चौथ्या सत्रात थांबलो, तर काय करू? माझा गुडघा आधीच असा."

वैशाली उठून काजू बांधायला आत गेली.

"माझं खेळून होऊ दे," सुनैना म्हणाली. "मग या. मग बघू."

"आणि ते केव्हा होईल?"

"डॉक्टर म्हणतो दोन वर्षं. मी म्हणतो सहा."

वैशालीने एक किलोची काजूची पिशवी माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो. अर्थातच कोणी ऐकले नाही.

नाशिकला परतून मला आता दीड महिना झाला आहे. सुनैना परदेशी गेली. मी पुतण्याकडून मोबाइलवर सामने लावायला शिकलो आहे. परवा तिच्या संघाचा पहिला सामना होता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद आखून बसलो आणि तिची एकच ओळ लिहीत गेलो. तिसऱ्या सत्रात उडी मारून खाली येताना ती पडली आणि डावा गुडघा धरून तशीच राहिली. मी खुर्चीवरून उठलो. पडद्यावर तिच्याभोवती माणसे जमली, ती दिसेनाशी झाली. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात एक विचार येऊन गेला तो लिहितो, कारण तो लपवला तर या सगळ्या प्रवासाला अर्थ उरणार नाही. तिचे खेळणे आज संपले तर मला उत्तर आजच मिळेल, असा तो विचार होता. मग माणसे बाजूला झाली. ती उठली, पाय दोनदा झटकला आणि बचावाला धावत गेली. मला इतके सुटल्यासारखे वाटले की मी उभ्यानेच कितीतरी वेळ पाहत राहिलो. डॉक्टरांची दोन वर्षे खोटी ठरावीत, तिची सहा खरी ठरावीत, सहाची दहा व्हावीत, असे मला मनापासून वाटले. आणि मला ते तिच्यासाठी वाटले की उत्तर लांबावे म्हणून वाटले, हे मला सांगता येत नाही.